अनसाबाईचा हर्रास

अमरावतीकडे निघालेले सगळे ट्रक नागपूरबाहेरच्या वाडीच्या नाक्यावर आपल्यासाठीच थांबतात, असा अनसाबाई राऊतांचा पक्का समज होता. ट्रक थांबत ते नाक्याची पावती फाडायला, पण हे त्यांना सांगायची हिंमत कोणाची नव्हती. सकाळी हातात कापडाच्या चिंध्यांचा जुडगा घेऊन त्या रस्त्याच्या कडेला उभ्या राहत. ट्रक थांबला की पायरीवर पाय देऊन सरळ केबिनमध्ये डोकं घालत, ड्रायव्हरच्या आरशाला एक चिंधी बांधत आणि खाली उतरत. वय साठीकडे झुकलेलं, लुगड्याचा काचा घट्ट मारलेला, कपाळावर गोंदण. उतरता उतरता म्हणत, "कोंढाळीपासून अकोल्यापोत साऱ्याईले दाखवजो. अन् आरशात मागचं दिसत नसन तं मागं पाहू नको गा, समोर पाह्य."

मी तेव्हा वाडीतल्या एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात बुकिंग क्लार्क होतो. सत्तर साल नुकतंच मागे पडलं होतं. वाडी म्हणजे गोदामं, धूळ, टायर पंक्चरची दुकानं आणि भाड्याच्या खोल्यांच्या रांगा. माझ्या खोलीची आणि अनसाबाईंची भिंत एकच. मी राहायला आलो त्या दिवशी त्या दारात आल्या, माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. शर्टाची कॉलर दोन बोटांत धरून चोळली आणि म्हणाल्या, "कॉलर उलटून घे बाबू. आणखी दोन वर्सं जाईन." नाव विचारलं ते आठवड्यानंतर.

आमच्याकडे लिलावाला हर्रास म्हणतात. हर्रास संत्र्यांचा होतो, बैलांचा होतो, सरकारी भंगाराचा होतो. अनसाबाई हर्रास करत तो जुन्या कपड्यांचा आणि हातानं केलेल्या वस्तूंचा. सिव्हिल लाइन्समधल्या बंगल्यांतून त्या जुने कपडे आणत. जे अंगात घालण्याजोगे असत ते धुऊन, सांधून विक्रीला ठेवत. जे नसत त्यांच्या गोधड्या शिवत. आमच्याकडे गोधडीला वाकळ म्हणतात, आणि अनसाबाई म्हणत 'वाकय'. शेजारच्या बायकांनी विणलेल्या वायरच्या पिशव्या, मण्यांची तोरणं, चुंबळी, कापडाच्या बाहुल्या, हेही त्यांच्याकडे विकायला येई. बोहारणीला कपडा देऊन पातेलं घेणाऱ्या बायकांवर त्यांचा भारी राग. "भांडं घेतलं, पन कपडा कोनाच्या घरी गेला ते माहीत हाय का तुले?" असं त्या रस्त्यात अडवून विचारत.

गंमत अशी की या हर्रासाचं गिऱ्हाईक एकही डोळ्यांसमोर नव्हतं. ते सगळं रस्त्याच्या कडेनं पसरलेलं. प्रत्येक कपड्याच्या आतल्या शिवणीतून अनसाबाई बोटभर चिंधी कापत, वाकळ असेल तर तिचा तळहाताएवढा नमुना शिवत, आणि तो ट्रकबरोबर धाडत. ड्रायव्हर जिथं चहाला, जेवणाला, माल उतरवायला थांबेल तिथं चिंधी दाखवायची. ज्याला वस्तू हवी त्यानं जेवढे रुपये द्यायचे तेवढ्या गाठी त्या चिंधीच्या दोऱ्याला मारायच्या. पुढच्याला आणखी हवीशी वाटली तर त्यानं आणखी गाठी माराव्या. शेवटची गाठ ज्याची, वस्तू त्याची. पुढच्या खेपेला वस्तू जायची आणि पैसे यायचे.

ट्रकवाल्यांमध्ये त्यांचा मुख्य माणूस म्हणजे रहमानभाई. नागपूर-अकोला लाइन त्याची, ट्रक आमच्याच गोदामाचा. बिचारा अंगानं आडदांड, पण अनसाबाईंपुढे शाळेतल्या पोरासारखा उभा राही. कारण त्या चिंधीबरोबर वस्तूचे सगळे दोष त्याच्याकडून पाठ करून घेत.

"बोल," अनसाबाई म्हणत.

"शर्ट टेरिलिनचा. बाह्या पूर्ण. चांगला हाय."

"चांगला हाय म्हनाचं नाई! चांगला का वाईट ते घेनारा पाहीन. डाग सांग."

"डाव्या खिशाले शाईचा डाग."

"अन्?"

"अन् बगलेत उसवला होता, शिवला."

"कोनं शिवला?"

"तुमी."

"हे नाई सांगाचं. मोठेपना होते."

रहमानभाई माझ्या टेबलाशी येऊन कपाळ पुसत म्हणे, "बाबूजी, मैं ट्रक चलाऊँ के कपड़े बेचूँ?" पण दुसऱ्या दिवशी त्याच्या आरशाला तीन चिंध्या असतच.

शेवटची गाठ मारली म्हणजे वस्तू मिळालीच असंही नव्हतं. ड्रायव्हर परत आला की उलटतपासणी होई. कोण माणूस आहे, काय करतो, घरी किती जण, कपडा कशाला हवा. कोंढाळीच्या एका हॉटेलवाल्यानं एका सुती लुगड्यावर भरपूर गाठी मारल्या होत्या. त्याला टेबलं पुसायला फडकी करायची होती असं कळल्यावर अनसाबाईंनी त्याच्या गाठी रहमानभाईसमोर दातांनी सोडल्या. "पोतेरं कराले पोते घे म्हना त्याले."

मलाही एकदा या कायद्याचा चटका बसला. एका हिवाळ्यात बंगल्यातून करड्या लोकरीचा कोट आला. मला त्याच महिन्यात मुलगी पाहायला वर्ध्याला जायचं होतं. कोट अंगात घालून पाहिला तर शिंप्यानं माझंच माप घेतल्यासारखा बसला. मी म्हटलं, "मावशी, हा मला द्या. अकोल्यापर्यंत कशाला धाडता? भिंतीपलीकडे गिऱ्हाईक आहे."

"मंग बांध गाठी," त्या म्हणाल्या. मी हात सैल सोडून गाठी बांधल्या. चिंधी गेली, आणि तिवस्याच्या एका कंपाउंडरच्या जास्त गाठी घेऊन परत आली. मी म्हटलं, आणखी बांधतो. त्यांनी चिंधी माझ्या हातातून काढून घेतली. "चिंधी वापस आली का हर्रास सरला. हर्रास म्हंजे हर्रास." मी भुरकट स्वेटर घालून वर्ध्याला गेलो. लग्न ठरलं. कोटाचा विषय निघाला की बायको अजून म्हणते, कोट घालून आला असतात तर मी नकारच दिला असता.

स्वतःसाठी मात्र त्यांनी कधी काही ठेवलं नाही. हर्रास करणाऱ्यानं स्वतः घेतलं तर तो चोर, हा त्यांचा पहिला नियम. एकदा मोरपंखी रंगाचं एक लुगडं आलं होतं. त्या दोन दिवस त्याच्यावरून हात फिरवत बसल्या, तिसऱ्या दिवशी ते बडनेऱ्याला रवाना झालं. मी म्हटलं, "मावशी, तुम्हाला आवडलं होतं ना?" त्यावर त्यांचं ठरलेलं वाक्य आलं, "मले काय करा लागते!"

हे वाक्य त्या दिवसातून कितीदा म्हणत याला गणती नाही. शेजारची पोट्टी पळून गेली, मले काय करा लागते. पाणी आलं नाही, मले काय करा लागते. आणि हे म्हणून झाल्यावर त्या सगळ्यात आधी चपला घालून चौकशीला निघत.

आता मूर्तिजापूरच्या गिऱ्हाइकाबद्दल सांगतो, कारण त्याच्याशिवाय अनसाबाई समजणार नाहीत.

त्या सबंध रस्त्यावर हे एकच गिऱ्हाईक असं होतं की शेवटची गाठ त्याची असूनही त्याला कधीच वस्तू मिळत नसे. ते कपड्यांवर बोली लावत नसे, दुसऱ्या बायकांच्या पिशव्या-तोरणांवर तर नाहीच. फक्त अनसाबाईंच्या हातच्या वाकळीवर. रहमानभाई नमुना परत देताना म्हणे, "शेवटची गाठ मूर्तिजापूरच्या सायकलवाल्याच्या बाईची." अनसाबाई मान वळवत. "तिले नाई द्याचं. तिच्या पह्यल्याची गाठ कोनाची हाय?"

मी एकदा विचारलं, "द्यायचं नाही तर नमुना तिथं दाखवायचा कशाला?"

"रस्त्यात हाय ते गाव. ट्रक का हवेतून जाते?"

रहमानभाईनं मग मला बाजूला घेऊन सांगितलं. सायकलवाल्याची बाई म्हणजे अनसाबाईंची सख्खी धाकटी बहीण, कौसल्या. आई गेली त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद. धाकटीचा नवरा रस्त्याला लागूनच सायकली दुरुस्त करतो, शेजारी चहाचं दुकान, तिथं आपण थांबतो. "दोघीबी एकमेकीचं नाव घेत नाई बाबूजी. अन् दोघीबी मलेच शिव्या देतात."

ते खरंच होतं. नमुन्याबरोबर मूर्तिजापूरहून शेरेही येत. एकदा निरोप आला, "सांगजो तिले, टाके लांब पडून राहिले." अनसाबाईंनी रहमानभाईला असं झापलं की जणू टाके त्यानंच घातले होते. "तिले काय समजते टाक्यातलं! दोरा ओवाले मी शिकवलं तिले!" संध्याकाळी मी पाहतो तो पूर्ण झालेली वाकळ मांडीवर घेऊन बाई एकेक टाका उसवताहेत. आठवडाभर ती पुन्हा शिवली. नवा नमुना गेला आणि नुसत्या गाठी घेऊन परत आला, शेरा नाही. त्या दिवशी त्यांनी मला गुळाचा चहा पाजला.

आणि त्यांचीही चौकशी असेच. सरळ नाही. "रहमान्या, तिच्या दोरीवर काय वाळत होतं?" रहमानभाईला ते पाहून यावं लागे. खाकी हाफपँट, सदरा, लुगडं, पोलकं. एवढ्यावरून त्या सगळं ओळखत. नवं लुगडं आहे म्हणजे दुकान बरं चाललं. दोन दिवस तेच पोलकं आहे म्हणजे हात दुखतो आहे, धुणं होत नाही. गोधडी वाळत होती म्हणजे कोणीतरी आजारी होतं. एकदा तिथं पाहुण्याचं धोतर वाळत होतं, तर ते कोणाचं असेल यावर त्यांनी आम्हा दोघांना अर्धा तास थांबवून ठेवलं. शेवटी स्वतःच निकाल दिला, "दीर असन. आखूड हाय म्हनतं नं? बुटकाच हाय तो."

मला यात मोठी मौज वाटे. शंभरावर मैलांवरून दोन म्हाताऱ्या बहिणी भांडताहेत, आणि भांडण वाहून नेतो आहे आमच्या कंपनीचा ट्रक, तोही भाडं न घेता. पण मौज वाटता वाटता चीडही येई. अरे, एवढी आठवण येते तर ट्रकमध्ये बसा आणि जा! असं मी एकदा बोलूनही दाखवलं. अनसाबाईंनी सुईवरून नजर काढली नाही. "मोठीनं काहून जाचं? लहानीनं या लागते."

मग एका पावसाळ्याच्या शेवटी रहमानभाई आला आणि नेहमीसारखा दोरीवरच्या कपड्यांचा हिशेब द्यायला लागला. लुगडं होतं. पोलकं होतं.

"हाफपँट?"

"नाई."

"सदरा?"

"नाई दिसला मावशी. मागल्या खेपेलेबी नोता. मी म्हनलं, वल्ला असन म्हनून आत टाकला असन."

"दुकान उघडं होतं?"

"बंद होतं. मले वाटलं, गावाले गेला असन."

"लुगडं कोन्त्या रंगाचं?"

रहमानभाई आठवत राहिला. मग त्याच्याही लक्षात आलं. तो हळूच म्हणाला, "रंग नोता मावशी. धुवट, फिकं होतं."

अनसाबाई ओट्यावर बसल्या. हातातला जुडगा मांडीवर ठेवला. म्हणाल्या, "मले सांगावा नाई धाडला." आणि त्यानंतर ते ठरलेलं वाक्य म्हणायला तोंड उघडलं, पण ते त्यांना म्हणता आलं नाही. दारं लावून घेतली. भिंतीपलीकडून रडण्याचा आवाज येईल म्हणून मी बराच वेळ कान देऊन बसलो. आला नाही.

आमच्याकडे कोणी गेलं की निरोप येतो, आणि निरोप आला की पायात चप्पल न घालता बायका निघतात. निरोपच नाही तर जायचं कसं, यात त्या अडकल्या. लहानी म्हणत असणार, सांगायला कशाला हवं, मोठीनं यावं. आणि मोठी म्हणत होती, सांगितलंच नाही तर कोणत्या तोंडानं जाऊ. मला हे कळत होतं आणि दोघींनाही हलवून जागं करावंसं वाटत होतं.

त्यानंतर मूर्तिजापूरच्या गाठी बंद झाल्या. रहमानभाई नमुना दाखवी, कौसल्याबाई हातात घेत, पाहत आणि परत देत. अनसाबाईंनी चांगल्यातल्या चांगल्या वाकळी शिवल्या. काठाला चांदण्या, मधे कमळ. गाठ नाही. मग मी एक विचित्र गोष्ट पाहिली. बाई मुद्दाम लांब टाके घालून नमुना शिवत होत्या. वेडेवाकडे, शिकाऊ पोरीसारखे. तो नमुना गेला. चार दिवसांनी रहमानभाई आला तेव्हा त्या नाक्यावर सकाळपासून उभ्या होत्या.

"काय म्हनाली?"

"काई नाई म्हनाली मावशी. हात फिरवला अन् देऊन टाकला."

"टाक्याचं काई नाई बोलली?"

"नाई."

एवढा लहान चेहरा मी त्यांचा त्याआधी कधी पाहिला नव्हता.

थंडी पडायला लागली होती त्या सुमाराला रहमानभाईनं एक गाठोडं आणून अनसाबाईंच्या ओट्यावर ठेवलं. "हर्रासले धाडलं. कोनाचं हाय ते सांगू नको म्हनलं." मग न सांगता त्यानं सगळंच सांगितलं. कौसल्याबाई घर मोकळं करत होत्या. दीर येऊन गेला होता. परवा तो बैलगाडी घेऊन येणार आणि त्यांना आपल्या गावी नेणार, धारणीच्याही पलीकडे, मेळघाटाच्या जंगलात. त्याच्या घरी गुरं आहेत, करायला माणूस नाही.

अनसाबाईंनी एकच प्रश्न विचारला. "तिकडं तुहा ट्रक जाते?"

"नाई मावशी. तिकडं आपली लाइन नाई."

"दुसऱ्या कोनाचा?"

"लाकडाचे जातात. ते इकून नाई जात."

त्या गावाला चिंधी पोहोचणार नव्हती. तिथल्या दोरीवर काय वाळतं हे कोणी येऊन सांगणार नव्हतं. रहमानभाई गेला तरी त्या रस्त्याकडे पाहत बसून होत्या.

पण माल हर्रासाला आला होता. त्यांनी गाठोडं सोडलं, कात्री घेतली. दोन सदरे, दोन खाकी हाफपँटी, एक मफलर, कौसल्याबाईंच्या हातची तीन तोरणं. प्रत्येक कपड्याच्या आतून चिंधी कापली, नेहमीसारखी, नीट. सगळ्यात खाली एक लुगडं निघालं. निळं, किरमिजी काठाचं. लुगडं कसलं, अर्धं लुगडं. मधून सरळ कापलेलं.

अनसाबाईंनी ते उलगडलं आणि म्हणाल्या, "मायचं हाय."

मग सांगितलं. आमच्याकडे आई गेली की तिच्या चांगल्या लुगड्याची वाकळ शिवतात. घरातलं लहानसहान आजारी पडलं की त्याच्या अंगावर तीच घालतात. अनसाबाईंना निरोप उशिरा पोहोचला होता, त्या माहेरी पोहोचल्या तोवर सगळं उरकलं होतं. आणि धाकटीनं आईचं एकुलतं एक धड लुगडं मधून कापून अर्धं त्यांच्यासाठी घडी करून ठेवलं होतं. "मायचं लुगडं कापते का कोनी? ना तिची वाकय झाली, ना माही झाली." त्यांचं अर्धं त्याच खोलीत पेटीच्या तळाशी होतं. मी भिंतीपलीकडे इतकी वर्षं राहत होतो, मला पत्ता नव्हता.

मी म्हटलं, "मावशी, हे ठेवून घ्या."

"हर्रासवाल्याले घेता येत नाई."

"मग मी बोली लावतो. मला मिळालं की तुम्हाला देतो."

"म्हंजे चोरी तुह्या हातून."

"मग परत पाठवा!"

"हर्रासले आलेलं न दाखवता वापस नाई जात."

मी वैतागून उठलो. बाहेरून पाहिलं तर त्या कात्री त्या लुगड्याच्या आतल्या कडेला लावून बसल्या होत्या. कात्रीची पाती उघडी होती. जेवायच्या वेळेला पाहिलं तरी ती तशीच उघडी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी रहमानभाईचा ट्रक नाक्याला लागला तेव्हा अनसाबाईंच्या हातात चिंध्यांचा जुडगा नव्हता. काखेत गाठोडं होतं. त्या पायरीवर चढल्या ते सरळ केबिनमध्ये जाऊन बसल्या. "चाल. नमुना कापता नाई आला. अख्खंच दाखवा लागते." रहमानभाईनं माझ्याकडे पाहिलं. अकोल्याला मोडक्या मालाची एक चौकशी पडून होती, ती मी त्याच दिवशी करायची ठरवली आणि मीही चढलो.

त्या रस्त्यावरचं प्रत्येक गाव अनसाबाईंना तोंडपाठ होतं आणि त्यांनी त्यातलं एकही पाहिलं नव्हतं. आईच्या वेळी माहेरी गेल्या त्या रेल्वेनं. कोंढाळीला हॉटेलवाला गल्ल्यावर दिसला तेव्हा म्हणाल्या, "हाच का तो पोतेऱ्यावाला?" तळेगावला एका झोपडीच्या दोरीवर स्वतःची वाकळ दिसली, तिच्याकडे ट्रक वळेपर्यंत पाहत राहिल्या. तिवस्याला दवाखान्याच्या पायरीवर माझा कोट उन्हाला बसलेला दिसला. कोटाच्या आत कंपाउंडर होता. तिथपर्यंत त्यांचं तोंड सुरू होतं. अमरावती सुटल्यावर त्यांनी गाठोडं मांडीवर घट्ट धरलं.

मूर्तिजापूरला घरासमोर खाट उलटी करून ठेवली होती, भांडी पोत्यात भरलेली होती. ओट्यावर एक वाळकी बाई सुंभ वळत बसली होती. नाक, कपाळ, गोंदण, सगळं अनसाबाईंचंच. आम्ही तिघं समोर उभे राहिलो. कौसल्याबाईंनी बहिणीकडे पाहिलं नाही, रहमानभाईला विचारलं, "हर्रास सरला का?"

अनसाबाईही रहमानभाईलाच म्हणाल्या, "सांग तिले, बाकीचं जाईन. हे नाई दाखवलं कोनाले."

रहमानभाईनं दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं. "मी काहून सांगू? समोरासमोर उभ्या हायेत तुमी. मले इंजिनात पानी टाकाचं हाय." आणि तो खरंच निघून गेला.

कौसल्याबाई सुंभाकडे पाहत म्हणाल्या, "काहून नाई दाखवलं?"

"नमुना कापता नाई आला मले."

"मले का कापता आलं होतं वं बाई?" त्या एकदम मान वर करून म्हणाल्या. "साऱ्या बाया बसून होत्या. तू पोचली नोती. म्हने, धाकटीनं अख्खं ढापलं. म्हनून कापलं. तुहा हिस्सा तुले भेटला पाह्यजे म्हनून कापलं."

"मी तुलेच देनार होती."

शेजारच्या चहावाल्याचा स्टोव्ह तेवढा वाजत होता. मी तिथून हटायला हवं होतं, हटलो नाही.

"भाऊजीचं मले काहून नाई सांगलं, कौशे?"

"तू इचारलं का कधी? येनाऱ्याले इचारत होती, दोरीवर काय वाळून राहिलं. मी का दोरी होय?"

जगातल्या प्रत्येक गोष्टीला ज्यांच्याकडे नियम होता, त्या अनसाबाईंनी गाठोडं ओट्यावर ठेवलं. पदरानं तोंड पुसलं.

"चुकलं माहं," त्या म्हणाल्या. "चाल माह्यासंगं."

"उद्या दीर गाडी घेऊन येते."

"येऊ दे. रिकामी नेईन."

कौसल्याबाई पोत्यातल्या भांड्यांकडे, उलट्या खाटेकडे पाहत बसल्या. बंद दुकानाच्या फळ्यांकडे पाहिलं. मग अगदी घरातलं काहीतरी आठवल्यासारख्या म्हणाल्या, "चुलीत विस्तव हाय. तसा टाकून कसं निघावं?"

"तू बस. मी इझवतो."

अनसाबाई वाकून त्या बुटक्या दारातून आत गेल्या. इतक्या वर्षांत त्यांनी त्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. आत पाण्याचा गडवा वाजला, निखाऱ्यांवर पाणी पडल्याचा चर्र आवाज झाला, राखेचा ओला वास बाहेर आला. त्या मात्र आल्या नाहीत. रहमानभाई बोनेट लावून माझ्याजवळ येऊन उभा राहिला.

मग आतून आवाज आला. आमच्याकडच्या बायका मौतीला शब्द घालून रडतात तसा, उंच आणि लांब. "भाऊजी, उठा नं जी... मोठी आली नं जी तुमच्या दारी... पानी तं इचारा..."

कौसल्याबाईंच्या हातातून सुंभ सुटला. त्या उठल्या, दाराच्या चौकटीला एकदा धरलं आणि आत गेल्या. दुसरा आवाज पहिल्यात मिसळला. दोन्ही आवाज इतके सारखे होते की कोणता कोणाचा, ते बाहेर उभं राहून आम्हाला कळेना.